डबड्याचा निकाल

ता. ४ जानेवारी

चि. खुडबुड्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. त्यांतले दोन मागच्या पत्राबद्दल कापून घेतले आहेत. सख्ख्या बहिणीला कुणी टाइप केलेलं पत्र पाठवतं का? पाकीट उघडलं तर मला वाटलं पाणी तोडल्याची नोटीस आली. आणि फोन का करत नाहीस असं विचारू नकोस. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला मी फोन ठेवते. कागदावर निदान शेवटपर्यंत भांडता येतं.

विषय तुझ्या डबड्याचा. तुझ्या म्हणते, कारण चौदा वर्षांपूर्वी सुटे भाग आणून तो कॉम्प्युटर तूच माझ्या टेबलावर जोडलास आणि जोडताना माझा टेबलक्लॉथ जाळलास. त्याचा पंखा आता असा घरघरतो की खिडकीवरची कबुतरं उठून जातात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, हे तुला ठाऊक आहे. सध्या फिजिओथेरपीचं एक जाडजूड पुस्तक चालू आहे, बावीस प्रकरणांचं. दृष्टी नसलेली एक विद्यार्थिनी दहा एप्रिलला त्यावर परीक्षा देणार आहे. तिने ग्रंथालयामार्फत निरोप पाठवला, की बाईंचा आवाज स्वच्छ आहे, पण त्यांच्या शेजारी झोपलेल्या गृहस्थांना दुसऱ्या खोलीत झोपवता येईल का. तुझे मेव्हणे जाऊन नऊ वर्षं झाली. या वयात माझ्या खोलीत घोरणारा गृहस्थ कोण, यावर ग्रंथालयात आता चर्चा चालू असणार.

त्यातून काल नववं प्रकरण निम्मं वाचून झालं आणि डबडं आपणहून बंद पडलं. प्रकरण गिळलं ते गिळलंच.

म्हणून दुकानात गेले. तिथल्या विक्रेत्याने मला मावशी म्हणून हाक मारली आणि एक काचेचं खोकं दाखवलं. आत तांबडे, निळे, हिरवे दिवे पळत होते. मी विचारलं, यात मासे कुठे असतात? तो हसलासुद्धा नाही. मी कुठले गेम खेळते, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. आपल्या ठकीचा नवरा तर म्हणतो की हे सगळं मोबाइलवर होतं. जावईबापूंचं सगळंच मोबाइलवर होतं, विचारसुद्धा.

तर तू ये आणि बघ. याच्यातच चार भाग बदलून भागेल की नवा जोडायचा, ते सांग. पाच तासांचा तर बसचा प्रवास.

लोभ आहे, पण गृहीत धरू नकोस.

तुझी,
ताई

*

ता. १२ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र याही खेपेला टाइप केलेलंच आहे. माझं अक्षर तू शाळेत असल्यापासून तपासत आलीस, आता साठी ओलांडल्यावर तरी सुटका होऊ दे.

चौदा वर्षांचा कॉम्प्युटर म्हणजे कॉम्प्युटर नव्हे, अवशेष. त्यात काय बदलणार? हार्ड डिस्क फिरते, म्हणून कुरकुरते. ती काढून न फिरणारी नवी बसवली तर वेग येईल, आवाजही थोडा कमी होईल. पण त्या जातीची रॅम आता फक्त भंगारवाल्याकडे मिळते, आणि आपणहून बंद पडतो म्हणजे पॉवर सप्लाय गेला किंवा मदरबोर्ड जायला टेकला. एक बदललं की दुसरं रुसणार. गेल्या तीस वर्षांत माझ्या वर्कशॉपमध्ये अशी किती म्हातारी यंत्रं आली, आणि प्रत्येकाच्या मालकाला वाटतं की आपलंच तेवढं दणकट.

तेव्हा सरळ दुकानातून तयार कॉम्प्युटर घे. दिवे नसलेला माग. घरी आणायचा, वायर लावायची, वाचत बसायचं. जोडाजोडीच्या भानगडीत पडू नकोस, तो जमाना गेला.

मला येता येणार नाही. काम फार आहे. तोवर कॅबिनेट उघड आणि मऊ ब्रशने धूळ काढ. आधी वायर काढ. हे सांगावं लागू नये, पण तुला सांगतो.

जावईबापूंबद्दल आपलं एकमत आहे.

लोभ असावा, नसल्यास निदान सल्ला ऐकावा.

तुझा,
खुडबुड्या

*

ता. २० जानेवारी

चि. खुडबुड्यास,

आशीर्वाद मोजून पाठवते आहे.

तयार कॉम्प्युटर घे म्हणून मला कोण सांगतंय? ज्याने आयुष्यभर तयार कॉम्प्युटर घेणाऱ्यांना दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालणारे म्हटलं, तो? माझ्या शेजाऱ्याने तसा घेतला तेव्हा त्याच्या तोंडावर, आत काय भरलंय ते दुकानदारालाही माहीत नसेल, असं म्हणून आला होतास. त्यानंतर वर्षभर शेजारी माझ्याशी बोलला नाही. आणि आज म्हणतोस जमाना गेला. जमाना कुठेही गेलेला नाही. तू आळशी झालास.

धूळ काढली. अकरा शिंका आल्या. आत एक मेलेला कोळी, माझा हरवलेला केसांचा चाप आणि उशीत भरता येईल एवढा कापूस निघाला. दोन दिवस घरघर कमी झाली, तिसऱ्या दिवशी पहिल्यासारखी. त्या मुलीशी मी स्वतः फोनवर बोलले. ती म्हणाली, आता गृहस्थ कूस बदलतात एवढंच. मोठी आगाऊ आहे. मी इतकं सावकाश, दमादमाने वाचते, आणि ही बया दुप्पट वेगाने ऐकते! म्हणजे माझी इतकी वर्षांची मेहनत तिच्या कानात साळुंक्या भांडल्यासारखी जात असणार. पण हुशार आहे. बोर्डाची पुस्तकं तिला कुणी पूर्ण वाचून दिली नव्हती, म्हणून एक वर्ष गेलंय तिचं. दुसरं जाऊ द्यायचं नाही.

अकरावं प्रकरण चालू आहे. दर दहा मिनिटांनी डबडं बंद पडतं. तुला वेळ नसेल तर मी येते. डबडं घेऊन बसने येते. जिवंत असेन तर उतरेन.

लोभ तपासून घ्यावा लागेल असं दिसतंय.

ताई

*

ता. २८ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

येऊ नकोस. स्पष्ट लिहितो, म्हणजे गैरसमज नको. माझ्याकडे माणसं पोटापाण्याची यंत्रं घेऊन येतात. ती बाजूला ठेवून मी तुझ्या हौसेचं खेळणं उघडून बसू का? चार पुस्तकं वाचलीस म्हणून जग थांबत नाही. ग्रंथालयाला सांग, दुसरं कुणी वाचेल.

कॉम्प्युटर विकत घे किंवा घेऊ नकोस. मला पुन्हा विचारू नकोस.

तुझा

*

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईंना,

साष्टांग नमस्कार. वहिनीने पत्र लिहिलं म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तुमच्या लक्षात आलंच असेल. यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मी वाचलं. पाकिटावर पत्ता मीच लिहिते, म्हणून पत्र माझ्या हातून जातं. ते फाडून टाकावं असं मनात आलं होतं. पण मग तुम्हाला काहीच कळलं नसतं.

ताई, यांचा उजवा हात थरथरतो. वर्ष होऊन गेलं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला आहे. गोळ्या चालू आहेत, त्यांनी थोडं बरं वाटतं. अक्षर इतकं बारीक झालं की ओळ संपेपर्यंत मुंग्या होतात. म्हणून डाव्या हाताच्या दोन बोटांनी टाइप करतात. तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी मला शपथ घातली होती. शपथ मोडली. माझ्या अंगाला काही झालं नाही.

हेही लिहून टाकते. ऑगस्टमध्ये बसथांब्याजवळच्या औषधवाल्याचा बिलाचा कॉम्प्युटर दुरुस्तीला आला होता. त्याच्यासमोरच यांच्या हातून बोर्ड निसटला आणि तुटला. तो माणूस चारचौघांत ओरडला की दिवसाढवळ्या पिऊन कामं करता, लाज नाही वाटत. औषधं विकणारा माणूस, आणि हात थरथरण्याचं त्याला एकच कारण ठाऊक! यांनी बोर्ड नवा आणून दिला, पण तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हापासून वर्कशॉपचं शटर अर्धं खाली असतं. काम फार आहे म्हणून लिहितात ना, ते खोटं आहे. आत स्टुलावर बसून रेडिओ ऐकतात. कुणी आलं तर मालक नाहीत म्हणून सांगतात.

मी औषधं आता तीन थांबे पलीकडून आणते. तुम्ही काय करायचं ते मी सांगणार नाही. माझं तर कुणी ऐकतच नाही.

तुमचा लोभ आहेच, तो आमच्या या दारापर्यंत यावा.

आपली,
वहिनी

*

ता. ८ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,

अनेक आशीर्वाद, आणि शपथ मोडल्याबद्दल आणखी चार.

गुरुवारी दुपारच्या बसने येते आहे. डबडं बरोबर आहे. त्याला सांगू नकोस. सांगितलंस तर पळून जाईल. लहानपणीही गणिताचा पेपर मिळायच्या दिवशी पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायचा.

बाकी समक्ष.

ताई

*

ता. २० फेब्रुवारी

चि. ठकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. जावईबापूंना सांग की काम मोबाइलवर झालं नाही.

तुझ्या मामाकडे नऊ दिवस राहून कालच परतले. हाताच्या आजाराचं तुला फोनवर सांगितलंच आहे. आता पुढचं ऐक.

खोकं चादरीत गुंडाळून पाच तास मांडीवर घेऊन बसले. दोन्ही पाय मेले. कंडक्टरने खोक्याचं तिकीट मागितलं, तेव्हा त्याला म्हटलं, बंद पडलेल्यांना तिकीट लावता तर आधी तुमच्या बसलाच लावा. मग तो पुढच्या सीटकडे वळला.

मामाने दार उघडलं, आधी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उजवा हात पटकन खिशात घातला. मी म्हटलं, हात काढ आणि एक बाजू धर, मला हे पेलत नाही. काय करतो बिचारा? धरलं. त्याच्या बाजूने खोकं खडखडायला लागलं. आम्ही दोघांनी ते तसंच वाजत वाजत टेबलापर्यंत नेलं. मग भिंतीकडे बघून त्याने विचारलं की बायकोने लिहिलं का. मी म्हटलं, हो, आणि तिला एक शब्द बोललास तर याच चादरीत तुला गुंडाळून घेऊन जाईन.

तासभर रुसला. मग डबड्याची घरघर ऐकून त्याला राहवेना. आजारी असला तरी खुडबुड्याच तो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॅबिनेटला आणि मूठ कानाला लावून बसला, डॉक्टरसारखा. म्हणाला, दोन आवाज आहेत, एक पंख्याचा आणि एक डिस्कचा. माझ्याकडून झाकण उघडवलं आणि मदरबोर्डवरचे बारके नळकांड्यासारखे भाग दाखवले. बेडकासारखे फुगलेले होते. त्याचा निकाल असा, की याच्यात नवे भाग घालणं म्हणजे खचलेल्या जमिनीवर मजला चढवणं. नवाच जोडायला हवा. मी म्हटलं, मग तयार घे म्हणून का लिहीत होतास? तर म्हणाला, जोडायला कुणीतरी लागतं ना.

ठके, मी त्याला साठ वर्षांत पहिल्यांदा उलट उत्तर दिलं नाही.

मग मीच म्हटलं, हात माझे, डोकं तुझं. तो म्हणाला, तुझ्या हातांनी खडूशिवाय काही धरलेलं नाही. मी म्हटलं, तुझ्या डोक्यालाही आजवर कुणी काम दिलेलं नाही, दोघांची परीक्षा होऊन जाऊ दे.

दोघं जाऊन भाग घेऊन आलो. दुकानात त्याने प्रत्येक वस्तूला नावं ठेवली. विक्रेता दिव्यांचा पंखा दाखवायला लागला, तर म्हणाला की मला कॉम्प्युटर अंधारात सापडतो. प्रोसेसर त्याने मुद्दाम कमी विजेवर चालणारा घेतला. तो तापत कमी, म्हणून त्याच्यावर पंखा लागत नाही, नुसता पत्र्यांचा मोठा गठ्ठा बसवायचा. डिस्क न फिरणारी घेतली. पॉवर सप्लायचा पंखा तापल्याशिवाय फिरत नाही असला घेतला. फक्त कॅबिनेट जुनं ठेवलं. त्याचं म्हणणं, असा जाड पत्रा आता कुणी वापरत नाही, हल्लीची कॅबिनेटं नखाने वाजतात.

यावरून आमचं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणते, पत्रा जुना आहे, म्हणजे ही दुरुस्ती. तो म्हणतो, आतलं सगळं नवं आहे, म्हणजे हा नवा कॉम्प्युटर. वहिनी म्हणाली, दोघं जुनीच आहात, आता जेवा.

जोडायला दोन दिवस लागले. पूर्वी तो हे काम दुपारच्या झोपेआधी उरकायचा. प्रोसेसर बसवायच्या जागी केसापेक्षा बारीक पिना असतात. तो टपालाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा चौकोन हातात धरून मी उभी, आणि हा कानाशी ओरडतोय की दाबू नको, नुसता सोड, तो आपला आपण बसतो. मी म्हटलं, ओरडू नकोस, मलाही आता कापरं भरतंय. तेव्हा पहिल्यांदा हसला.

सगळं झालं, बटण दाबलं, आणि पडदा काळा. मला रडू यायचं बाकी होतं. तुझा मामा डोळे मिटून म्हणाला, रॅम काढ आणि परत बसव. मी बसवली. म्हणाला, टक असा आवाज दोन्ही टोकांना यायला हवा, मला एकच आला, परत. मी सगळा जोर लावला. दोन टक. मग पडदा उजळला. आणि आवाज काहीच नाही! मी कॅबिनेटला कान लावला. मला खरंच वाटलं पुन्हा बंद पडलं.

माइक लावून मी एक पान वाचलं आणि आम्ही ते ऐकलं. माझा आवाज अगदी स्वच्छ. पण मागे कुठेतरी बारीक टकटक, टकटक. मी म्हटलं, अजून काहीतरी सैल आहे रे. मग मला दिसलं. त्याचा हात टेबलावर होता.

त्याने हात उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाला, माइक चांगला आहे, एवढंही सोडत नाही.

मी उठून वहिनीला चहा करायला मदत करायला गेले. ती म्हणाली, चहा तर मघाशीच झाला.

तुझी,
आई

*

ता. २ मार्च

ती. ताईस,

नमस्कार लिहिणार नव्हतो. वळण पडलंय म्हणून लिहिला.

जाताना बसथांब्यावर काय करून गेलीस ते मला आज समोरच्या शिंप्याकडून कळलं. सबंध गल्लीला माहीत, आणि ज्याचा हात त्याला शेवटी! तू म्हणे औषधवाल्याच्या दुकानात गेलीस, गर्दी बघून मुद्दाम थांबलीस, आणि माझी औषधांची चिठ्ठी काउंटरवर ठेवून त्याला म्हणालीस की माझे डोळे अधू आहेत, या गोळ्या कशाच्या ते जरा मोठ्याने वाचून सांगा. तुझे डोळे अधू! बावीस प्रकरणं वाचणारीचे! त्याने वाचलं, कंपवाताच्या. मग तू रुग्णाचं नाव वाचायला लावलंस. तेही त्याने वाचलं आणि पुढे त्याचा आवाज बसला. शिंपी सांगतो, तू एवढंच विचारलंस की या आजारात हात थरथरतो का हो, तुम्हाला माहीत असेल, तुम्ही शिकलेले आहात.

शिंप्याला फार मजा वाटली. मला वाटली नाही.

ताई, आजार माझा आहे. तो कुणाला सांगायचा, कधी सांगायचा, हे मी ठरवणार होतो. वर्षभर मी तो खिशात घालून फिरलो. तू तो दुकानात पुड्या बांधून वाटलास. आता रस्त्यात माणसं माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी हाताकडे बघतात. दारुड्या म्हणत होती तेव्हा निदान बघत तरी नव्हती.

औषधवाला आला होता. दारात उभा राहून गैरसमज झाला म्हणाला. गैरसमज म्हणे! जणू पावसाचा अंदाज चुकला. मी मालक नाहीत म्हणून सांगितलं.

चिठ्ठी तुला बायकोने दिली की तू उचललीस, ते कळव. घरात अबोला नक्की कुणाशी धरायचा ते ठरत नाही.

तुझा

*

ता. ९ मार्च

चि. भावास,

आशीर्वाद. आज एकही कापलेला नाही.

चिठ्ठी मी उचलली. वहिनीशी अबोला धरू नकोस.

त्या औषधवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. पुन्हा संधी मिळाली तर त्याला गोळ्यांच्या पाकिटावरचा बारीक मजकूरही वाचायला लावेन. पण तुझं बरोबर आहे. सांगायचा हक्क तुझा होता, तो मी हिसकावला. वर्गात एखाद्या पोराची वही सगळ्यांना दाखवण्याची मला खोड होती, ती गेलेली नाही. चुकले. हा शब्द मी तुला आजवर लिहिलेला नाही, तेव्हा पत्र जपून ठेव.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. त्या पुस्तकाचं आठवं प्रकरण कंपवातावर आहे. डिसेंबरमध्ये मी ते दोन बैठकांत वाचून रेकॉर्ड केलं. हात विश्रांतीत असताना थरथरतो, अक्षर लहान होत जातं, रुग्ण लोकांत मिसळायचं टाळतो, हे सगळं मी माझ्या तोंडाने, विरामचिन्हं सांभाळून वाचलं. त्याच आठवड्यात तुझं टाइप केलेलं पत्र आलं आणि मी तुला पाण्याची नोटीस म्हणून हिणवलं. दुकानातल्या विक्रेत्याला, जावयाला, औषधवाल्याला मी मूर्ख ठरवून मोकळी झाले, आणि मी? इतकी वर्षं मुलांना विचारत आले, वाचलंस ते समजलं का. स्वतःला एकदाही विचारलं नाही.

तुझ्याकडून आल्यावर आठवं प्रकरण पुन्हा ऐकलं. मग पुसून पुन्हा वाचलं. यावेळी सावकाश जमलं नाही, दोनदा थांबावं लागलं. त्या मुलीने लगेच ओळखलं. तिने विचारलं की हे प्रकरण वेगळं का वाटतं. मी म्हटलं, नवा कॉम्प्युटर आहे. ती म्हणाली, बाई, कॉम्प्युटर श्वास घेत नाही.

बाविसावं प्रकरण परवा संपलं.

डबड्याचा जुना मदरबोर्ड फेकायला काढला आहे. त्याच्याबद्दल कुणीही हळवं होऊ नये. फुगलेला होता.

रागावलास तरी चालेल. लिहीत मात्र जा. टाइप कर, नाहीतर वहिनीकडून लिहून घे.

ताई

*

ता. २४ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र दोन बोटांनी लिहायला तीन दिवस लागले, तेव्हा लांबलं म्हणून बोलू नकोस.

तुझं ते ‘चुकले’ लिहिलेलं पत्र बायकोने कपाटात कुलूप लावून ठेवलं आहे. मला हात लावू देत नाही.

आता सगळ्यांना माहीतच झालंय तर लपवायचं कुणापासून, असं म्हणून मी मागच्या सोमवारी शटर पूर्ण वर केलं आणि बाहेर पाटी लावली. मजकूर असा: "माझा उजवा हात थरथरतो. कारण आजार आहे. काम नीट होईल, लवकर होणार नाही. घाई असेल त्यांनी पुढच्या गल्लीत जावं." बायको म्हणाली, अशी पाटी वाचून कोण आत येईल? मी म्हटलं, जो येईल तो निदान वाचता येणारा असेल.

पहिला माणूस मोबाइल घेऊन आला, पाटी वाचली, माझ्याकडे बघून सहानुभूतीने मान हलवली आणि पुढच्या गल्लीत गेला. असल्यांची सहानुभूती मला पाठीमागून जास्त आवडते. दुसरे एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांनी पाटी दोनदा वाचली, मजकूर अधिक भारदस्त हवा होता असं सुचवलं आणि काम न देता गेले. तुझ्याच जातकुळीतले असणार.

दुपारी कोपऱ्यावरची फळवाली आली. तिचा वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा बंद पडला होता. पाटीसमोर थोडा वेळ उभी राहिली, मग आत येऊन म्हणाली की मला वाचता येत नाही, बाहेर काय लिहिलंय ते सांगा.

ताई, पाटी लावणं सोपं होतं. मी ती रात्रभर सुकवून खिळ्याला अडकवली आणि तिच्याआड बसलो होतो. आता तोंडाने सांगायची पाळी आली. घसा खाकरला, पाणी प्यायलो. मग सांगितलं. हात थरथरतो, आजार आहे, वेळ लागेल, तुमचा धंदा खोळंबेल, पुढच्या गल्लीतला पोरगा पाच मिनिटांत करून देईल. ती सगळं ऐकून म्हणाली की पुढच्या गल्लीतल्याने मागच्या महिन्यात पाच मिनिटांत केलेलाच बिघडलाय. आणि खाली बसली.

आत एक तार सुटली होती, काम एवढंच. काट्याला चार स्क्रू. मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरलं की थरथर थोडी कमी होते, हे मी नव्याने शिकलो आहे. तरी पाऊण तास गेला. बाहेर तिच्या गाडीपाशी गिऱ्हाइकं येऊन हाका मारून जात होती. ती बसल्या जागेवरूनच ओरडून सांगायची, काटा होतोय, थांबा. मी एकदा म्हटलं, तुम्ही जा, मी आणून देतो. ती हलली नाही.

शेवटचा स्क्रू पाच वेळा खाली पडला. पाचव्या वेळेला मी तो शोधायलाच गेलो नाही, तसाच बसलो. तिने वाकून स्टुलाखालून तो काढला, पदराला पुसून माझ्या तळहातावर ठेवला, आणि गाडीकडे बघत म्हणाली, चालू द्या.

तुझा लोभ आहे तसाच राहू दे, सुधारायला जाऊ नकोस.

तुझा,
खुडबुड्या